रोझा कॅनिना ओळखायचा कसा: काटे, निदलं आणि फळाचं टोक

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जर्मनीत घराजवळच्या शेतरस्त्याच्या कडेला जूनमध्ये फिकट गुलाबी, पाच पाकळ्यांचे गुलाब फुलतात. मोबाइलमधलं ॲप एका फोटोला ‘रोझा कॅनिना’ म्हणतं आणि त्याच झुडपाच्या दुसऱ्या फोटोला वेगळंच नाव देतं. मग हे झुडूप नक्की कोणतं, त्याची लाल फळं खाण्याजोगी आहेत का, आणि बी पुण्याला आईच्या बागेत रुजेल का?

झुडूप रोझा कॅनिना किंवा त्याचं अगदी सख्खं भावंड असण्याची शक्यता मोठी आहे. ॲप गोंधळतं कारण आपण त्याला फुलाचा फोटो देतो, आणि या गटात सगळ्यांत कमी माहिती फुलाच्या चेहऱ्यावरच असते. काटे, पानाची मागची बाजू, निदलं (पाकळ्यांमागची हिरवी दलं) आणि पिकू लागलेल्या फळाचं टोक या चार जागा पाहिल्याशिवाय नाव ठरवू नका. हे गुलाब एकमेकांत इतके मिसळलेले का दिसतात, याचं कारण त्यांच्या गुणसूत्रांत आहे. त्याकडे पुढे येतो.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये या जातीला हे नाव दिलं. बहुतेक सगळा युरोप, वायव्य आफ्रिका आणि पश्चिम आशिया हा तिचा मूळ प्रदेश. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड इथे ती माणसाने नेली. ‘कॅनिना’ म्हणजे कुत्र्याचा. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर या गुलाबाचं मूळ चालतं अशी प्राचीन रोमन काळातली समजूत होती, तिच्यावरून हे नाव आलं. जर्मनीतही याला हुंड्सरोझं, म्हणजे कुत्र्याचा गुलाबच म्हणतात. रेबीजवर या मुळाचा काडीइतकाही उपयोग नाही. कुत्रा चावला तर जखम साबणाने धुऊन थेट लस घ्यायची.

आता झुडपाजवळ जाऊ. उंची साधारण १ ते ३ मीटर, आधाराला झाड मिळालं तर त्याहून जास्त. नवे कोंब बुंध्यातून सरळ वर येतात आणि पुढे कमानीसारखे वाकतात. काटे मजबूत, तळाशी रुंद, टोकाशी खाली वळलेले, अगदी मांजराच्या नखासारखे. एकाच फांदीवरचे काटे साधारण एकाच घाटाचे असतात, ही खूण महत्त्वाची. गुलाबाचा काटा लिंबाच्या किंवा बोरीच्या काट्यासारखा नसतो. लिंबाचा काटा म्हणजे रूपांतर झालेली फांदी, बोरीचा काटा म्हणजे रूपांतर झालेलं उपपर्ण, म्हणजे पानाच्या देठाशी येणारं चिमुकलं पान. गुलाबाचा काटा सालीचाच उंचवटा आहे, आत लाकूड किंवा रसवाहिन्या नाहीत. म्हणून आडवा दाब दिला की तो सालीवरून टक्कन निघून येतो आणि खाली स्वच्छ, लंबगोल व्रण राहतो. आकड्यासारख्या घाटाचा फायदा उघड आहे. वाकलेली फांदी शेजारच्या झुडपावर पडली की मागे घसरत नाही, अडकून वर चढते.

पान संयुक्त, म्हणजे ५ किंवा ७ छोट्या पर्णिकांचं मिळून झालेलं, टोकाला एक एकटी पर्णिका. पर्णिका दीड ते ४ सेंटिमीटर लांब, कडेला करवतीसारखे दाते. देठाच्या तळाशी दोन उपपर्णं देठालाच चिकटलेली असतात, त्यांची फक्त टोकं सुटी. आता पान उलटं करा. कॅनिनाच्या पर्णिकेची मागची बाजू गुळगुळीत, केस नसलेली आणि चिकट ग्रंथी नसलेली असते. बोटाने चोळून वास घ्या. हिरव्या पानापलीकडे काही वास येत नसेल तर कॅनिना पुढच्या फेरीत गेला. सफरचंदासारखा वास आला आणि बोटाला चिकटपणा लागला, तर तो रोझा रुबिजिनोसा. पाऊस पडून गेल्यावर त्याचा वास काही पावलांवरूनही येतो. त्याच्या फांदीवर वळलेल्या मोठ्या काट्यांबरोबर सरळ बारीक काटेही मिसळलेले असतात. पर्णिका मागून मऊ केसाळ असतील पण बाकी सगळं कॅनिनासारखं, तर रोझा कोरिम्बिफेरा. काही वनस्पतिशास्त्रज्ञ त्याला वेगळी जात मानतात, काही कॅनिनाच्याच पोटात घालतात. माझ्या मते वहीत दोन्ही वेगळे लिहावेत. नंतर एकत्र करणं सोपं, वेगळं करणं अवघड.

फूल ४ ते ६ सेंटिमीटर रुंद, पांढऱ्यापासून गडद गुलाबीपर्यंत कोणत्याही छटेचं. एकाच रस्त्यावर दोन झुडपांत हा फरक दिसेल, त्यामुळे रंगावरून काहीही ठरवू नका. पाकळ्या पाच, टोकाशी खाच असलेल्या, बदामाच्या आकाराच्या. मध्ये पिवळे पुंकेसर भरपूर. वास मंद. या फुलात मध जवळजवळ नसतोच. मधमाश्या आणि भुंगे येतात ते परागांसाठी. भुंगा पुंकेसरांच्या गुच्छाला मिठी मारून जोरात गुणगुणतो, त्या कंपाने पराग झडतात आणि तो ते गोळा करतो. सकाळी जवळ उभं राहिलं तर हा आवाज स्पष्ट ऐकू येतो.

पाकळ्यांच्या मागच्या पाच हिरव्या निदलांवर मात्र वेळ घालवा. मध्ययुगापासून युरोपात एक लॅटिन कोडं चालत आलंय. त्याचा आशय असा: आम्ही पाच भाऊ, दोघांना दाढी, दोघे सफाचट, आणि माझ्या एकाच गालावर दाढी. उत्तर गुलाबाची निदलं. पाचांपैकी दोन निदलांना दोन्ही कडांना पिसांसारखे फाटे असतात, दोघांना एकही नाही, आणि एकाला फक्त एका बाजूला. हा योगायोग नाही. कळीत निदलं एकामागोमाग सर्पिल क्रमाने मांडलेली असतात. सगळ्यांत बाहेरच्या दोघांच्या दोन्ही कडा उघड्या, म्हणून दोन्हीकडे फाटे वाढायला जागा. तिसऱ्याची एक कड बाहेर, दुसरी शेजाऱ्याखाली दबलेली, म्हणून अर्धी दाढी. आतल्या दोघांच्या दोन्ही कडा झाकलेल्या, म्हणून ते सफाचट. आईला पुण्यात कुंडीतल्या गुलाबाची कळी बघायला सांगा, बागेतल्या बऱ्याच संकरित गुलाबांतही हीच मांडणी दिसते. म्हणजे ही खूण एकट्या कॅनिनाची नाही. पण रस्त्याकडेला लावले जाणारे काही गुलाब यातून लगेच बाद होतात. रोझा रुगोसा आणि रोझा स्पिनोसिसिमा यांच्या निदलांना असे फाटे नसतात.

फुलाच्या मधोमध स्त्रीकेसरांचे वरचे भाग बघा. कॅनिनात ते सुटे असतात, एक छोटी बसकी गादी दिसते. रोझा आर्वेन्सिसमध्ये तेच एकत्र जुळून बारीक खांब उभा राहतो. फूल पांढरं, फांद्या बारीक आणि जमिनीवर पसरणाऱ्या, मध्ये खांब, म्हणजे आर्वेन्सिस. छोट्या पांढऱ्या फुलांचे भरगच्च घोस, खांब आणि उपपर्णांच्या कडेला झालर, म्हणजे रोझा मल्टिफ्लोरा. हा पूर्व आशियातला, बागांमधून आलेला.

पाकळ्या गळल्यावर खरी परीक्षा सुरू होते. गुलाबाचं ‘फळ’ म्हणजे अंडाशय नव्हे. फुलाच्या देठाचं टोक पेल्यासारखं खोल होऊन त्याच्या आत अंडाशय बसलेले असतात. तो पेला मांसल आणि लाल होतो, त्यालाच आपण फळ म्हणतो. आतले टणक, फिकट दाणे ही खरी फळं, प्रत्येकात एक बी. एका पेल्यात साधारण १५ ते ३० दाणे आणि त्यांच्यामध्ये ताठ, बारीक केस. कॅनिनाचा पेला दीड ते २ सेंटिमीटर लांब, अंडाकृती, गुळगुळीत, नारिंगी-लाल. त्याचा देठही बहुधा गुळगुळीतच असतो. क्वचित ग्रंथीचे केस असलेले नमुने मिळतात, तेवढ्यावरून घाबरून नाव बदलू नका.

बघायच्या दोन गोष्टी. पहिली, निदलांचं वळण. फूल संपल्यावर कॅनिनाची निदलं मागे, देठाकडे मुडपतात आणि फळ पूर्ण लाल होण्याआधी गळून जातात. निदलं ताठ उभी राहिली आणि लाल फळावर मुकुटासारखी टिकली, तर तो कॅनिना नाही, बहुधा रोझा व्होसाजियाका. दुसरी, टोकावरची चकती. निदलं जिथे जोडलेली असतात तिथे एक लहान गोल चकती असते, तिच्या मधोमध छिद्र, ज्यातून स्त्रीकेसरांची टोकं बाहेर आलेली असतात. कॅनिनात हे छिद्र फार अरुंद, सुमारे एक मिलिमीटर किंवा कमी, चकतीच्या रुंदीच्या पाचव्या भागाइतकं किंवा त्याहूनही लहान. व्होसाजियाकात ते चकतीच्या तिसऱ्या भागापर्यंत जातं. १० पटीचं भिंग घ्या, वाळलेली टोकं चिमट्याने अलगद काढा, मिलिमीटरची पट्टी शेजारी ठेवा आणि वरून फोटो काढा. एका फळावर विश्वास ठेवू नका, झुडपाच्या वेगवेगळ्या बाजूंची निदान पाच फळं मोजा. घोसाच्या मधलं फळ टाळा, त्याचा आकार बरेचदा इतरांपेक्षा वेगळा असतो.

म्हणून ओळखीसाठी जूनपेक्षा ऑगस्टचा मध्य ते सप्टेंबरचा मध्य हा काळ चांगला. फळ रंग धरू लागलेलं असतं आणि निदलं मुडपली की उभी राहिली हे दिसतं. ऑक्टोबरात गेलात तर निदलं गळलेली असतात आणि अर्धा पुरावा हातातून गेलेला असतो. जूनमध्ये झुडपाला खूण करून ठेवा, स्त्रीकेसरांचा फोटो घ्या, आणि सप्टेंबरात त्याच झुडपाकडे परत जा.

तुमच्या रस्त्याबाबत आणखी एक सांगायला हवं. महामार्गांच्या आणि शेतरस्त्यांच्या कडेच्या झुडुपांच्या रांगा पुष्कळदा लावलेल्या असतात, आपोआप उगवलेल्या नसतात. जर्मनीत मार्च २०२० पासून मोकळ्या निसर्गात त्या त्या भागातल्या मूळ वाणाचीच झाडं लावण्याचा नियम आहे. त्याआधी अशी सक्ती नव्हती. त्यामुळे जुन्या रांगेत रुगोसा, निळसर-जांभळ्या पानांचा रोझा ग्लाउका आणि परक्या प्रदेशातला कॅनिना शेजारी शेजारी उभे दिसू शकतात. रुगोसा ओळखायला सोपा: सुरकुतलेली जाड पानं, दाट सरळ काटे, आणि लहान टोमॅटोसारखी बसकी मोठी फळं. स्पिनोसिसिमाची फळं तर काळी होतात.

आता गुणसूत्रांकडे. गुलाबाच्या वंशात मूळ संच ७ गुणसूत्रांचा. कॅनिनाकडे असे पाच संच आहेत, म्हणजे ३५ गुणसूत्रं. विषम संख्येचे संच असलेली वनस्पती सहसा वांझ असते, कारण पराग आणि अंडपेशी तयार होताना गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात, आणि पाचव्याला जोडीदार उरत नाही. केळ्याचं उदाहरण सगळ्यांच्या ओळखीचं आहे. तीन संच, म्हणून बी नाही. कॅनिना मात्र फळाफळात बी धरतो. ते कसं, हे १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनमध्ये गुन्नार टॅकहोल्म यांनी, आणि इंग्लंडमध्ये कॅथलीन ब्लॅकबर्न आणि जे. डब्ल्यू. हेस्लॉप हॅरिसन यांनी उलगडलं.

पेशीविभाजनाच्या वेळी ३५ पैकी फक्त १४ गुणसूत्रं जोड्या लावतात, ७ जोड्या. उरलेली २१ एकटी राहतात. पराग तयार होताना ही एकटी गुणसूत्रं गळून जातात, परागात फक्त ७ पोचतात. अंडपेशी तयार होताना उलट होतं. सगळीच्या सगळी २१ गुणसूत्रं अंडपेशीच्या बाजूला खेचली जातात आणि जोडीतली ७ धरून अंडपेशीत २८ होतात. २८ आणि ७ मिळून पुन्हा ३५. प्रत्येक पिढीत हिशेब जिथल्या तिथे येतो. २०२५ मध्ये या गुलाबाच्या जीनोमवरचा, म्हणजे संपूर्ण जनुकीय संचावरचा, सविस्तर अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात एकट्या राहणाऱ्या गुणसूत्रांच्या मध्यबिंदूंची रचना जोडी लावणाऱ्यांपेक्षा वेगळी असल्याचं दिसलं. अंडपेशीकडे ती नेमाने का ओढली जातात, याचा धागा तिथे आहे.

याचा ओळखीशी थेट संबंध आहे. रोपाच्या पाच वाट्यांपैकी चार आईकडून येतात, एक बापाकडून. त्यामुळे रुबिजिनोसाच्या फुलावर कॅनिनाचा पराग पडला तर पोर बरंचसं रुबिजिनोसासारखं दिसतं, आणि उलट केलं तर बरंचसं कॅनिनासारखं. तरी एखादा गुण बापाचा येतोच. निदलं अर्धवट उभी, छिद्र मधल्या मापाचं, पानामागे तुरळक ग्रंथी. शिवाय आईच्या बाजूच्या एकट्या गुणसूत्रांत अदलाबदल होत नसल्याने एकेक वंशरेषा आपलं बारीकसं वैशिष्ट्य पिढ्यानुपिढ्या तशीच धरून ठेवते. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपी वनस्पतिशास्त्रज्ञांनी अशा प्रत्येक रेषेला वेगळी जात ठरवून शेकडो नावं दिली. आज ती बहुतेक रद्द झाली आहेत, पण जुन्या पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून अजून समोर येतात. तुमच्या झुडपाची एक खूण कॅनिनाशी जुळत नसेल तर निराश होऊ नका. चार-पाच खुणा एकत्र मांडा आणि बहुमत बघा. बरोबरीत सुटलं तर ‘कॅनिना गट’ एवढंच लिहिणं हे पूर्णपणे शास्त्रशुद्ध उत्तर आहे.

फांदीवर हिरव्या-लाल शेवाळासारखा, लिंबापासून मोसंबीएवढा केसाळ गोळा दिसला तर त्याला बुरशी समजून घाबरू नका. डिप्लोलेपिस रोझे नावाची इवलीशी गांधीलमाशी वसंतात कळीत अंडी घालते आणि अळ्यांच्या प्रभावाने झाडाच्या पेशी अशा वाढतात. आत अनेक कप्पे, प्रत्येकात एक अळी. हिवाळ्यात गोळा तपकिरी, टणक होतो आणि पुढच्या वसंतात माश्या बाहेर पडतात, बहुतेक सगळ्या माद्या. त्याच गोळ्यात भाडेकरू म्हणून राहणाऱ्या दुसऱ्या माश्या आणि त्या सगळ्यांवर जगणारे परजीवी कीटकही असतात. झुडपाला फार नुकसान नसतं, गोळा कापू नका.

या झुडपाच्या चिवटपणाचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जर्मनीतच आहे. हिल्डेसहाइमच्या कॅथेड्रलच्या भिंतीवर चढलेला ‘हजार वर्षांचा गुलाब’ कॅनिनाच आहे. दंतकथा त्याला इ. स. ८१५ पर्यंत नेते. २२ मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात कॅथेड्रल उद्ध्वस्त झालं, झुडूप ढिगाऱ्याखाली जळालं, आणि काही आठवड्यांत मुळांपासून नवे कोंब फुटले. जमिनीखालच्या भागातून पुन्हा फुटण्याच्या याच ताकदीमुळे युरोपातल्या रोपवाटिकांनी कॅनिनाला कलमांचा खुंट म्हणून वापरलं. थंडी सोसतो, चुनखडीची जमीन चालवून घेतो, मुळं खोल नेतो. बियांपासून केलेली रोपं जवळजवळ एकसारखी निघतात, कारण वर सांगितलेला आईचा मोठा वाटा. काडीपासून मात्र मुळं सहज फुटत नाहीत, म्हणून तो बियांपासूनच करतात आणि डोळा खोडावर न भरता जमिनीलगतच्या मानेवर भरतात. दोष एकच, खुंटाचे फुटवे. युरोपातल्या बागेत लाल गुलाबाच्या बुडातून फिकट गुलाबी एकेरी फुलांची फांदी निघाली की बहुधा खुंट जागा झालेला असतो. तो कात्रीने कापला तर खालचे डोळे आणखी जोराने फुटतात. माती बाजूला करून फुटवा जिथून निघाला तिथून ओढून उपटायचा.

फळं खाता येतात. त्यांत ‘क’ जीवनसत्त्व संत्र्याच्या कितीतरी पट असतं, फक्त झुडपाझुडपात प्रमाण फार बदलतं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये संत्री मिळेनाशी झाल्यावर १९४१ पासून मुलं आणि महिला मंडळं रानातून ही फळं गोळा करत आणि लहान मुलांसाठी त्याचं सरबत बनत असे. जर्मनीत स्वतःच्या वापरापुरती थोडी फळं तोडायला कायद्याची आडकाठी नाही. मात्र रहदारीच्या रस्त्यालगतची आणि फवारणी होणाऱ्या द्राक्षमळ्यांशेजारची टाळा. पाकासाठी फळं पूर्ण लाल पण दाबल्यावर घट्ट असताना तोडा. गर काढून जॅमसारखं करायचं असेल तर एखादं हिम पडून मऊ होऊ द्या, गर चटकन सुटतो. तोडल्यावर दोन-चार फळं चिरून बघा, गुलाबफळमाशीच्या पांढऱ्या अळ्या आत असतील तर त्या झुडपाचा नाद सोडा.

पाकाचं प्रमाण: १ किलो फळं, २ लिटर पाणी. पाणी आधी खळखळ उकळत ठेवा, मगच फळं मिक्सरमधून जाडसर काढून ताबडतोब त्यात टाका. फळ चिरडलं की त्यातलंच एक विकर (एन्झाइम) हवेच्या साहाय्याने ‘क’ जीवनसत्त्व नष्ट करू लागतं, उकळत्या पाण्यात ते लगेच निकामी होतं. वाटण करून तासभर ठेवलं तर मेहनत वाया गेली. पुन्हा उकळी फुटली की आच बंद करून १५ मिनिटं झाका, मग गाळा. चोथ्यात १ लिटर उकळतं पाणी घालून हेच एकदा करा. दोन्ही गाळलेली पाणी एकत्र आटवून साधारण ९५० मिलिलिटर करा, ६०० ते ६२५ ग्रॅम साखर घालून ५ मिनिटं उकळा, आणि उकळून घेतलेल्या लहान बाटल्यांत गरम असतानाच भरा. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवून एक-दोन आठवड्यांत संपवा. भांडं स्टीलचं. तांबं आणि लोखंड ‘क’ जीवनसत्त्वाचा नाश वेगाने करतात.

गाळण्यात हयगय नको. दाण्यांभोवतीचे ताठ केस घशाला आणि आतड्याला टोचतात. युरोपातली शाळकरी मुलं खाजकुयलीसारखी गंमत म्हणून तेच एकमेकांच्या कॉलरमध्ये टाकत. चहाच्या गाळणीतून ते सरळ निघून जातात. मलमलीच्या दुहेरी फडक्यातून दोनदा गाळा, फडकं पहिल्यांदा पिळू नका. फळं चिरून साफ करत असाल तर हातमोजे घाला.

बियांचं काम चिकाटीचं आहे. दाण्याचं कवच जाड आणि आतला गर्भही झोपलेला, म्हणून निसर्गात बी बहुधा दुसऱ्या वसंतात उगवतं. घरी करायचं तर दाणे पाण्यात चोळून गर पूर्ण काढा, तरंगणारे बहुतेक पोकळ असतात. ओलसर वाळू किंवा व्हर्मिक्युलाइटमध्ये मिसळून सैल झाकणाच्या डब्यात आधी १२ आठवडे २० ते २५ अंशांत ठेवा, मग १२ ते १६ आठवडे फ्रिजमध्ये २ ते ४ अंशांत. दर आठवड्याला ओल बघा. मुठीत दाबल्यावर चिकटावी पण पाणी गळू नये. लोक सरसकट चूक करतात ती अशी की उबेचा टप्पा गाळून डबा थेट फ्रिजमध्ये टाकतात. उबेत सूक्ष्मजीव कवचाची शिवण कमकुवत करतात, ते झालंच नाही तर थंडीने गर्भ जागा होऊनही बाहेर पडू शकत नाही. दुसरी चूक, मध्येच डबा कोरडा पडू देणं किंवा थंडी संपताच कडक उन्हात पेरणं. बी पुन्हा झोपी जातं. पहिलं मूळ दिसलं की पेरा, गारव्यात ठेवा, आणि न उगवलेला ट्रे आणखी एक वसंत टिकवा.

पुण्यात रोप उगवेल, पण माझा सल्ला नको असाच आहे. या झुडपाला खरा हिवाळा लागतो, आठवडेच्या आठवडे पानगळीची विश्रांती. पुण्याच्या थंडीत ती मिळत नाही, महाबळेश्वरच्याही नाही, आणि पावसाळ्यात काळ्या ठिपक्यांच्या रोगाने पानं झडतात. वर्षानुवर्षं नुसत्या काटेरी फांद्या वाढत राहतील. शिवाय हा गुलाब वर्षातून एकदाच, गेल्या वर्षीच्या फांदीवरच्या आखूड फुटव्यांवर फुलतो. आई बाकीच्या गुलाबांसारखी ऑक्टोबरात छाटणी करेल आणि जी काही फुलं येणार असतील तीही कापली जातील. जर्मनीतल्या बागेत हीच चूक फेब्रुवारीत होते. तिथे छाटणी म्हणजे तीन-चार वर्षांच्या जुन्या फांद्या बुडातून काढणं, एवढीच. रस्त्याकडेची झुडुपं १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात बुडापासून छाटायला किंवा काढून टाकायला बंदी आहे.

खुंट म्हणूनही कॅनिना महाराष्ट्राच्या कामाचा नाही. तळेगावच्या पॉलिहाउसमधला डच गुलाब नाताल ब्रायर नावाच्या गुलाबाच्या खुंटावर चालतो, उत्तरेच्या मैदानात रोझा इंडिका ओडोराटा. आईला पाच पाकळ्यांचा रानगुलाबच हवा असेल तर भारतातल्या जातींकडे वळा. हिमालयातले ब्रुनोनी आणि मॅक्रोफिला पुण्यात रमणार नाहीत. उष्ण, सखल भागात टिकणारा रोझा क्लिनोफिला हा पांढऱ्या फुलांचा गुलाब आहे. पाणथळ काठावर उगवणारा, म्हणून मुळाशी पाणी साचलेलंही सोसतो. कोडाईकनालचे संकरक एम. एस. वीरराघवन यांनी उष्ण हवामानासाठी गुलाब तयार करताना त्याचाही आधार घेतला. रोपवाटिकेत सहज मिळत नाही, गुलाबप्रेमींच्या मंडळांत चौकशी करावी लागेल.

आणि बी सामानातून आणू नका. २००३ च्या वनस्पती संगरोध (क्वारंटाइन) आदेशानुसार लावण्यासाठीचं बी भारतात आणायला आयात परवाना आणि निघण्याच्या देशातलं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं. आईसाठी पाकाची सीलबंद बाटली न्या.